शामूकाकांचं सॉरी

शामूकाका पायावर पाय पडला तरी सॉरी म्हणत आणि एखाद्याचं वाटोळं केलं तरी सॉरीच म्हणत. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात हा शब्द त्यांनीच आणला. लढाईवरून परतल्यावर ते स्वतःला सुभेदार म्हणवून घेत. खरं तर पलटणीत ते साहेबांच्या मेसमध्ये भांडी घासत होते. बशी फुटली की सॉरी म्हणायचं, एवढंच इंग्रजी त्यांना येत होतं.

“मेजरसायबबी म्हंतो,” मिशीला पीळ देत ते पारावर सांगत. “एकदा सॉरी म्हनलं की मिटलं. फुडं कुनी तोंड उघडायचं न्हाई.”

“मग सुभेदार, तुमच्या उसात म्हस सोडतो आन् सॉरी म्हंतो!” पारावरचा एखादा म्हणे.

सगळे हसत. काका मात्र चिडत. तो शब्द फक्त त्यांनीच वापरायचा होता.

वडील गेल्यावर आमच्याकडे पवळ्या हा एकच बैल उरला. तो काकांच्या बैलाबरोबर पैऱ्यानं, एक दिवस त्यांच्या तर एक दिवस आमच्या रानासाठी, मोटेला चाले. एका उन्हाळ्यात काकांनी आपला ऊस भिजवायला दोन्ही बैल दिवसभर विसाव्याशिवाय हाकले. त्यांचा बैल तगला. पवळ्या मोटेवरच कोसळला आणि मेला. सकाळी काका रस्त्यावरूनच ओरडले, “वैनी, सॉरी बरं का!” आणि चालू लागले.

आमच्याकडे चुकलेल्या माणसानं समोरच्याच्या घरी जायचं आणि तिथलं पाणी प्यायचं, तेव्हा भांडण मिटतं. आई रोज तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवी. काका आले नाहीत. बैलाविना आमचं रान दुसऱ्याला वाट्यानं द्यावं लागलं. मला त्यांची किळस येऊ लागली.

पुढे ते अंथरुणाला खिळले. आई मला ओढूनच घेऊन गेली.

“वैनी, सॉरी.”

“भावजी, सायबाचं ऱ्हाऊ द्या. आपल्यातलं बोला.”

काका म्हणाले, “पानी.” काकूनं भांडं पुढं केलं, ते त्यांनी बाजूला सारलं. “हितलं न्हवं.”

मी घरून तांब्या आणला. आईनं मान धरून पाजलं. ते प्याले, मिशी पुसली आणि सवयीनं म्हणाले, “थँक्यू.”

आई खळखळून हसली. तिचं मिटलं होतं. मी मात्र तांब्या हिसकावला आणि उरलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत दारासमोरच्या उकिरड्यावर ओतलं.

त्याच आठवड्यात ते गेले. आता चुकलेला मी आहे, आणि ज्यांच्या घरचं पाणी प्यायचं ते घरात नाहीत.