वीस रंगांचे मणी

जंतूंशी वैर धरावं तर आमच्या वरच्या भाडेकरूनं, आणि जंतूंवर जीव लावावा तर तोही त्यानंच. ही दोन्ही कामं एकट्यानं करणारा माणूस मी सत्तर वर्षांत दुसरा पाहिला नाही. मी सातवी शिकलेला, जन्म कारखान्यात लेथवर गेला. हा कॉलेजात औषधं शोधतो. पुंडलिकनगरात माझ्या डोक्यावर राहतो म्हणून ओळख, नाहीतर आमचं जमायचं काही कारण नव्हतं. त्याच्या आईचं घर उस्मानपुऱ्यात, चालत जाता येईल एवढं जवळ. पण आईनंच हाकलला. फ्रिजमध्ये कोरम्याच्या पातेल्याला खेटून यानं माती भरलेल्या डब्या ठेवल्या होत्या. कुणी गावाकडं निघालं की याला माती पाहिजे. मी करमाडला, आमच्या गावी, जायला चप्पल घातली की जिन्यावरून हाक येतेच, "चाचा, चमचाभर माती आणा. बांधावरची आणा, खताची नको." मातीतले जंतू एकमेकांना मारायला औषध तयार करतात म्हणे, ते याला चोरायचं असतं. भावकीत माझ्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. दर खेपेला म्हातारा बांध उकरून पुडी बांधतो, असंच.

आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, त्यामुळं हौदातलं पाणी आम्ही तुपासारखं जपतो. एकदा त्यात बेडूक निघाला. मी झाडू घेऊन धावलो तर हा आडवा. "चाचा, मारू नका! त्याच्या कातडीवर औषध आहे."

"माझ्या हौदात त्याच्या तंगड्या आहेत, त्याचं बोल."

"अहो, एवढ्या घाण पाण्यात राहतो, कधी फोड आला त्याला?"

"घाण कुणाला म्हणतो रे? तेच पितो तू."

मग त्यानं बेडकाला ओंजळीत धरून, पाहुणा सोडायला जावं तसं नाल्यापर्यंत पोचवलं. माणसांशी मात्र एवढं गोड वागायचं त्याला जमत नाही. लोक भेटले की जेवलात का विचारतात, हा विचारतो, "गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला का?" लग्नात नवरदेव शिंकला तर अक्षता टाकता टाकता याचं तेच. चौकातला औषधवाला सुट्या दोन गोळ्या कापून देतो म्हणून याचं त्याच्याशी भांडण आहे. हा लांबून दिसला की तो कात्री गल्ल्यात टाकतो. खोटं तर याला बोलताच येत नाही. मी केलेला चहा पिऊन, माझ्याच ओट्यावर बसून, पाणचट आहे म्हणतो.

त्याचं खरं युद्ध होतं माझ्या बायकोशी. तिच्याकडं बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या आणायच्या, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. मग गल्लीत कुणाला ताप आला, लघवीला जळजळ झाली, की डबा उघडायचा. मोठ्याला अख्खी, लहानाला अर्धी. गल्ली तिला लई मानायची. हा डोक्याला हात लावायचा. "चाची, अर्धी गोळी म्हणजे जंतूंची शिकवणी आहे. ते मरत नाय, शिकून शहाणे होतात."

"व्हय? मग माझं एवढं शिकलेलं एक तरी पोर नोकरीला लागलं का?"

पण ती मण्यांची तोरणं करायची, तेव्हा हा तिच्यापाशी मांडी घालून बसायचा. तिच्या बरण्यांतून एकेक रंगाचा मणी मागून त्यानं ओळ लावली, मोजून वीस रंग. म्हणाला, ही अमिनो आम्लं. तुम्ही, मी, तो बेडूक, सगळे याच वीस मण्यांतून ओवलेले. फरक फक्त ओवण्याचा. बेडकाच्या कातडीवर अशीच लहान माळ असते, ती जंतूच्या अंगाला भोक पाडते. आपणही मणी इकडचे तिकडे करून तशी माळ ओवायची, जी जंतूला मारेल आणि माणसाला सोडेल. तिनं त्याची माळ हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "गाठ ढिली आहे." त्यानं ती उसवली आणि प्रत्येक रंगाचे मूठ मूठ मणी उसने घेऊन वर गेला.

मागच्या साली तिला थंडी वाजून ताप आला. डबा मीच उघडला. आठ दिवस मीच गोळ्या देत होतो, कधी ही, कधी ती. दवाखान्यात नेलं तोवर लघवीतले जंतू रक्तात गेले होते. रिपोर्टात औषधांची नावं एकाखाली एक, आणि जवळजवळ प्रत्येकापुढं एकच अक्षर. हे चालत नाही, हेही चालत नाही. वरच्यानं तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. चौथ्या दिवशी ती गेली.

वर्षभर मी त्याला एक गोष्ट विचारली नाही. तो खोटं बोलत नाही म्हणून. या महिन्यात एकदा जिन्यात गाठलं आणि विचारलं, "तिला डब्यानं मारलं का? म्हणजे मी?"

तो पायरीवर बसला. "चाचा, ते जंतू कुठनं आले कुणालाच सांगता येत नाय. डब्यातनं, दवाखान्यातनं, नळातनं. डब्यानंच असं मी म्हणू शकत नाय. डब्यानं नव्हेच, असंही नाय म्हणत." मग म्हणाला, "उशीर झाला, हे खरं. पण उशीर सगळेच करतात. माझ्या अब्बांच्या वेळी मीपण केला."

मी आत जाऊन डबा आणून त्याच्या हातात दिला. दोन दिवसांनी त्यानं तो धुऊन परत केला. मी फडताळात ठेवून दिला, जड लागला तरी उघडून पाहिला नाही.

मागच्या आठवड्यात पायाला खिळा लागून पाय सुजला, पाच दिवसांच्या गोळ्या आल्या. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. मी सवयीनं उरलेली पाकिटं घेऊन फडताळाकडं गेलो, डबा उघडला. तो तिच्या मण्यांनी भरलेला. उसने नेलेले वीस रंग, आणि वर त्यानंच ओवलेली एक लहान माळ. गाठ ओढून पाहिली, या वेळी पक्की होती. गोळ्या ठेवायला जागा नव्हती. वरून हाक आली, "चाचा, आजची?"

झाकण लावलं. पाणी घेतलं आणि त्या दिवसाची गोळी गिळली. पुढचे दोन दिवसही रोजची रोज घेतली.