कैनाडचं अश्मयुग

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला दोन महिने राहून आलो. तिचं खेडं आपल्या डहाणूजवळच्या रानशेतपेक्षाही लहान, पण गावाबाहेरच्या कुरणात हजारो वर्षांपूर्वीच्या उभ्या दगडांचं रिंगण. भोवती कुंपण, माहितीचा फलक, आणि मी दगडाला टेकून फोटो काढला म्हणून एका आजीबाईंनी मला दिलेली समज. जन्मभर डहाणूत कारकुनी केलेल्या माणसाला एवढं ज्ञान पचत नाही. परत आलो तो संशोधक होऊनच.

भातकापणीनंतर आमच्या गावी, कैनाडला, थोरल्या भावाकडे गेलो. खळ्यामागे सात दगड गोल मांडलेले दिसले आणि माझा ऊर भरून आला. दादा तिथे पेंढा रचायच्या तयारीत होता.

"खबरदार, हात लावू नकोस!" मी ओरडलो. "हे प्रागैतिहासिक आहे. माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक आहेत, त्यांना आणतो."

दादाने मुकाट्याने पेंढा बाजूला जमिनीवरच रचला, वर ताडपत्री घातली. मी दगडांभोवती सुतळी बांधली, पुठ्ठ्यावर 'स्पर्श करू नये' लिहिलं आणि शेजाऱ्यांपुढे भाषण ठोकलं. वहिनी काही बोलू पाहत होत्या, त्यांनाही गप्प केलं. प्राध्यापकांना सवड मिळेपर्यंत पंधरा दिवस गेले. मध्ये दोन दिवस अवकाळी पाऊस पडला.

प्राध्यापकांनी दगड न्याहाळले आणि दादाला विचारलं, "हे कधीपासून आहेत?"

"हा तिसरीत होता तेव्हापासून," दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "पेंढ्याला खालून ओल लागू नये म्हणून बाबांनी ओढ्यातून आणवले. तो मोठा यानेच लोटत आणला. अंगठा चेचून घेतला होता."

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. म्हशीने पाय दिला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. प्राध्यापकांनी चहा घेतला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.

ते गेल्यावर दादाने ताडपत्री काढली. खालचा निम्मा पेंढा काळा पडून कुजला होता. त्याच्या दोन्ही बैलांचा उन्हाळ्याचा चारा मी घालवला होता. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, मग त्याच दिवशी का नाही बोललास?"

"तू एवढं लांब जाऊन बघून आलास," दादा म्हणाला. "मला वाटलं, मला दिसत नाही असं काहीतरी तुला दिसलं असेल."