जपानी शिकून काय केलं

विद्यापीठात जपानी शिकण्याचे फायदे काय, असं कोणी विचारलं की मला एकही धड सांगता येत नाही. किस्से मात्र इतके साठलेत की आमची जुनी बॅच भेटली की चहा निवून जातो आणि एकाच्या किश्शात दुसरा घुसतो.

* * *

मी जपानीला प्रवेश घेतला, त्या दिवशी मनीषनगरच्या आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. बाबा सरकारी कचेरीत क्लार्क. त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं इंजिनिअरिंगला. भात कालवता कालवता ते एकदम थांबले.

"जपानी काहून वं? आपलं कोण आहे तिकडे?"

"कोणीच नाही. म्हणूनच."

आई माझ्याकडे बघेना. बाबांनी पुन्हा भात कालवायला घेतला. "जाऊ दे हिले," म्हणाले.

* * *

प्रफुल आमच्या बॅचचा, खापा गावच्या शेतकरी घरातला. तोंडी परीक्षेला बाहेरून जपानी परीक्षक आले होते. त्यांनी साधंच विचारलं, काल काय केलंस? प्रफुल मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवायचा, मग त्याचं जपानी करायचा. तिथेच अडकला. नापास झाला तर घरचे पुन्हा पाठवणार नव्हते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"मॅडम, सुचूनच नाही राहिलं मले."

आमच्या देशकर मॅडम बाजूला बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "इंग्रजीतून नको. खाप्यातून बोल."

त्याने डोळे मिटले. 'मी काल बाबासोबत वावरात गेलो.' एकेक शब्द जपानीत बदलत गेला, क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला.

बाहेर आल्यावर तो जिन्यातच बसला. "हे तं आपलंच बोलणं होय. आधी कोणी सांगितलं काहून नाही?"

* * *

पुढे त्याला एका जपानी कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आला. खाप्याला नेट टिकत नाही, म्हणून तो आमच्या घरी बसला. आमच्याकडे काम का करायचं आहे, असं त्यांनी विचारलं. त्याने उत्तर दिलं आणि पलीकडे एकदम शांतता.

मॅडमनी बजावून ठेवलं होतं की तिकडे गप्प बसणं म्हणजे विचार करणं, मध्ये तोंड घालायचं नाही. प्रफुल मान खाली घालून बसला. दारातून माझे बाबा खुणा करून राहिले, बोल ना गा. तो हलेना. मग माझं लक्ष राउटरकडे गेलं. दिवा बंद होता.

मोबाइलवरून पुन्हा जोडलं, तर पलीकडचे साहेबच वाकून म्हणाले, आमचं कनेक्शन तुटलं, क्षमा असावी. प्रफुल त्यांच्यापेक्षा खाली वाकला, चूक आमची. ते आणखी वाकले.

बाबांनी माझ्या कानात विचारलं, "नोकरी देऊन राहिले का माफी मागून राहिले?"

नोकरी मिळाली.

* * *

मला कळमेश्वरच्या एका कारखान्यात दुभाष्याचं काम लागलं. मशीन बसवायला मोरिता नावाचे इंजिनिअर आले होते. त्यांनी विचारलं, पाया कधी तयार होईल?

मॅनेजर म्हणाले, "हो जाएगा."

मोरिता-सानांनी, म्हणजे मोरिता साहेबांनी, पुन्हा विचारलं. "हो जाएगा, बोलो उनको."

मी खालच्या आवाजात म्हटलं, "सर, याला जपानीत शब्द नाही. तारीख सांगा, नाहीतर तुम्हाला माहीत नाही असं सांगावं लागेल."

माझी नोकरी गेली असं मी धरूनच चालले. मॅनेजरनी समोरची फाइल मिटली. "माहीत नाही, असं सांगा."

मी सांगितलं. मोरिता-सानांनी सकाळपासून पहिल्यांदा पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "छान. आता कामाला लागू."

* * *

तेच मोरिता-सान. मे महिन्यातली दुपार. मशीनजवळ उभे होते, एका हाताने कठडा घट्ट धरलेला. चेहरा पांढरा. बरं वाटत नाही का, असं मी विचारलं.

"चोत्तो..." म्हणाले आणि थांबले.

चोत्तो म्हणजे थोडं. मी तसं सांगताच मॅनेजर म्हणाले, "गर्मी आहे. लिंबूपाणी आणा."

पण जपानी माणूस वाक्य अर्धं सोडतो तेव्हा उरलेलं अर्धं मोठं असतं, हे मॅडमनी आमच्याकडून घोटून घेतलं होतं.

"सर, गाडी काढा."

"अहो, थोडंच म्हणाले ना ते?"

"गाडी काढा."

गाडीत त्यांनी छाती धरली. हॉस्पिटलात डॉक्टर विचारत होते, हात बधिर झालाय का? बधिरला जपानीत काय म्हणतात, ते मला आठवेना. मी मोरिता-सानांच्या डाव्या हाताला चिमटा काढला आणि विचारलं, कळतंय? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डॉक्टरांना भाषांतर लागलं नाही. स्ट्रेचर आत गेलं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, बंद झालेली रक्तवाहिनी उघडली, धोका टळला. तेवढ्यात जपानहून मोरिता-सानांच्या बायकोचा फोन आला. मी त्यांच्या कानाला लावला. ते बारीक आवाजात एवढंच म्हणाले, "मी अगदी बरा आहे." आणि डोळे मिटले.

मी फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून त्या बाई, मला समजावं म्हणून, सावकाश एकेक शब्द उच्चारत म्हणाल्या,

"त्यांचं ऐकलं. आता तुम्ही सांगा."