स्टिअरिंगची थरथर मी बंद केली

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. जे केलं ते मी चांगल्या मनाने केलं, एवढंच आधी सांगून ठेवते.

माझा मुलगा मिहिर. चांगली नोकरी सोडून दोन वर्षं आमच्या करी रोडच्या घरात बसून एक स्टिअरिंग बनवत होता. गाडी नाही हं, नुसतं स्टिअरिंग! टेबलाला घट्ट बसवलेलं, समोर टीव्हीवर रस्ता. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना विकायचं होतं, नवशिक्यांना शिकवायला. पण बघायला यायला एकच जण तयार झाले, दादरचे परब. शनिवारी अकरा वाजता. त्यांनीही नाही म्हटलं, तर मिहिर सोमवारपासून परत नोकरी शोधणार होता.

शनिवारी सकाळी तो आंघोळीला गेला. टीव्ही चालूच होता. मी टेबल पुसायला गेले, स्टिअरिंगला हात लागला आणि ते असं थरथरलं की फडकं खाली पडलं!

आता तुम्हीच सांगा, मी पंचवीस वर्षं घरी फॉल-पिको करते. मशीन थरथरायला लागलं की मी काय स्वस्थ बसते? खालचं झाकण उघडलं. आत मोटार, आणि मोटारीवरून स्टिअरिंगच्या दांड्यावर पट्टा. अगदी माझ्या मशीनसारखा! म्हटलं, स्टिअरिंग तर माणूस हाताने फिरवणार, मग मोटार कशाला? पट्टा काढला. थरथर गेली. झाकण लावून मी पोहे भिजवायला घेतले.

परब अकराच्या ठोक्याला आले. दिसायला कडक माणूस. खुर्चीत बसून गाडी चालवायला लागले.

"सर, खड्डा जाणवला ना?" मिहिरने विचारलं.

"दिसला. जाणवला नाही."

मिहिरने कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. "आता?"

"आता स्पीडब्रेकरवरून गेलो. पाटावर बसल्यासारखं वाटलं."

मिहिर वायरी हलवून बघायला लागला. पोरगं घामाघूम! मला वाटलं, परत थरथरेल म्हणून घाबरलाय. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले.

"परबसाहेब, अगदी निर्धास्त चालवा. सकाळी थरथरत होतं, ते मी दुरुस्त केलंय. आता थरथरणार नाही, माझी गॅरंटी!"

मिहिर सावकाश वळला. "आई, काय दुरुस्त केलंस?"

"पट्टा काढला. मोटार उगाच फिरत होती."

"आई, दोन वर्षं मी तेच बनवतोय."

"काय?"

"थरथर."

बाइकला फोन बांधून भोईवाड्यापासून दादरपर्यंतचा एकेक खड्डा नोंदवून आणला होता म्हणे त्याने. रस्त्यावर बसतो तसाच हिसका हाताला बसावा म्हणून. आणि पट्टा कुठे? माझ्या बॉबिनच्या डब्यात!

परबांनी घड्याळ बघितलं. मी धावत जाऊन पट्टा आणून मिहिरच्या हातात दिला.

"लाव तो पट्टा," ते म्हणाले. "पण मला नको बसवू. तीस वर्षं गाडी चालवतोय, मला खड्ड्याचं काय? ज्याने कधी चालवली नाही, त्याला बसव. त्याला खरं वाटलं तर बोलू."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

काय करणार? पोराच्या नोकरीधंद्याचा प्रश्न. पदर खोचला, बसले. मिहिरने पायाखालचं बटण दाखवलं, मी दाबलं. रस्ता सुरू झाला. मला वाटलं, ह्यात काय आहे? तेवढ्यात पहिला खड्डा आला. स्टिअरिंगने असा हिसका दिला की कोपरापर्यंत झिणझिण्या! आणि माझ्या तोंडून, टॅक्सीत मागे बसल्यावर निघतं तसंच, निघून गेलं, "अरे मेल्या, बघून चालव की जरा!"

परब पोह्यांची बशी खाली ठेवून मिहिरला म्हणाले, "दोन पाठव." मग माझ्याकडे वळले. "ताई, मेल्या कोणाला म्हणालात?"

मी तेव्हा उजवीकडे वळून ड्रायव्हर कुठे दिसतो का ते बघत होते.