ग्रेसच्या गावात हॉस्पिटलच नाही?

मंडळी, आज सकाळी केलेला एक आगाऊपणा कबूल करते.

इथे ब्रिस्टलला माझ्या सासऱ्यांना सांभाळायला तीन आठवड्यांपासून ग्रेस येते. ती फिलिपिन्समधल्या एका बेटावरची. "आमच्या गावच्या हॉस्पिटलमध्ये मी सात वर्षं नर्स होते," असं पहिल्याच दिवशी म्हणाली होती. स्ट्रोकनंतर बाबांना नीट बोलता येत नाही, त्यामुळे माझं लक्ष जरा जास्तच असतं.

आज ती बाबांना आंघोळ घालत होती, तेव्हा मी तिच्या गावाची माहिती ऑनलाइन वाचली. समुद्रकाठची छोटीशी नगरपालिका, मासेमारी, नारळ, एक चर्च, एक हेल्थ सेंटर. हॉस्पिटलचा पत्ताच नाही! खोटं बोलणाऱ्या बाईच्या हाती मी बाबांना दिलं होतं?

ती बाहेर आल्यावर मी फोन पुढे धरला. "यात तुझं हॉस्पिटल कुठे आहे?"

तिने शांतपणे वाचलं. "वादळात पडलं. पुन्हा बांधलंच नाही. म्हणून तर मी इथे आले." मग तिने फोटो दाखवला. युनिफॉर्ममधली ग्रेस, मागे पांढरी बैठी इमारत.

मी सॉरी म्हटलं. ती हसली. "इट्स ओके. मीसुद्धा येण्याआधी तुमची चौकशी केली होती. आधीच्या दोन केअरर का सोडून गेल्या, ते त्यांनाच फोन करून विचारलं."

त्यांनी काय सांगितलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तुम्ही विचारलं असतं का?