नावागाआत्या आणि राजाची मांड

माझी आत्या नावागा खोगिरं शिवायची. हरणाच्या केसांनी ठासून भरलेल्या दोन उशा, वरून चामडं, पुढे-मागे लाकडी कमानी. तिच्या खोगिरावर माणूस झोपला तरी पडत नाही, असं नदीकाठच्या सगळ्या टोळ्यांत म्हणायचे. तोंड मात्र तिचं दाभणापेक्षा टोकदार.

वारझान राजाशी तिचं जुनं वैर होतं. वीसेक वर्षांपूर्वी तो एकेक टोळी नमवत निघाला तेव्हा आमची टोळी त्याच्याशी लढली. त्या लढाईत आत्याचा नवरा, आस्पान, पडला. पुढे आम्ही राजाचे झालो, त्याच्या गाड्यांमागे आमच्या गाड्या हाकू लागलो; पण आत्याने त्याच्यासाठी कधी चामड्याची एक वादीसुद्धा कापली नाही. त्याची माणसं खोगीर मागायला आली की म्हणायची, "हात दुखतोय."

एका हिवाळ्यात शिकारीच्या वेळी राजा पडला आणि घोडा त्याच्या अंगावर कोसळला. खुबा मोडला. जीव वाचला, पण डावी मांडी वाळत गेली. आमच्यात राजाने दर वसंतात सगळ्या टोळ्यांसमोर कुणाची मदत न घेता घोड्यावर चढायचं आणि रिंगणाला फेरी मारायची. मांड गेली की राज्य गेलं. त्याचा चुलतभाऊ कासाग तर आतापासूनच टोळीप्रमुखांना मेजवान्या घालत फिरत होता.

राजा गाडीत आडवा पडून आमच्या तंबूशी आला.

"हात दुखतोय का अजून?" त्याने विचारलं.

"तुला बघून जास्तच."

"बाई, तुझा माणूस माझ्या लोकांनी मारला. मी नाही म्हणत नाही. खोगीर शिवायचं नसेल तर तसं सांग. मी परत जातो."

आत्याने तंबूच्या दारातून पाहिलं. बाहेर माझी आतेबहीण घोड्यांचा कळप घेऊन टेकडीपलीकडे निघाली होती. एकटीच, गाणं म्हणत.

"मी हिच्या वयाची होते," आत्या म्हणाली, "तेव्हा कळपाबरोबर भाऊ आणि चुलते हत्यारं घेऊन यायचे. तरी माझी बहीण पळवली, ती पुन्हा दिसली नाही. तुझं राज्य आल्यापासून कुणाची पोर गेली नाही. मी तुला माफ केलेलं नाही, राजा. पण कासाग आला तर टोळ्या पुन्हा एकमेकांच्या नरडीला लागतील. आण तो पाय इकडे."

तिने मांडी चाचपून पाहिली. डावीकडची उशी जाड केली, कमानी उंच केल्या, म्हणजे कंबर दोन्हींच्या मध्ये घट्ट बसेल. घोडा मात्र तिने स्वतःचा निवडला: म्हातारा, करडा, शांत. त्याच्या गुडघ्याला चाबकाचं टोक लागलं की पुढचे पाय दुमडायला तिने त्याला शिकवलं.

"ह्या म्हाताऱ्यावर बसू? लोक हसतील," राजा म्हणाला.

"म्हातारा राजा चालतो त्यांना. घोडाही चालेल."

सराव करताना राजा कितीदा पडला बिचारा! आत्या खो खो हसायची आणि म्हणायची, "चल, पुन्हा."

वसंतात टोळ्या जमल्या. राजा काठी टेकत रिंगणात आला, काठी फेकून दिली. चाबकाचं टोक लागताच करडा खाली बसला, राजा खोगिरावर सरकला, घोडा उठला.

"ह्याला चढणं म्हणतात?" कासाग ओरडला. "आमची पोरं उडी मारून चढतात!"

बायकांच्या गाड्यांतून आत्याचा आवाज आला, "उडी मारणाराच राजा हवा असेल तर नदीवरून बेडूक आण!"

सगळं माळरान हसलं. तेवढ्यात राजाने टाच मारली. करडा आधी दुडक्या चालीने निघाला आणि मग असा सुटला की आम्ही तोंडात बोटं घातली. भर वेगात राजाने लगाम सोडला, कमरेतून मागे वळला आणि बाण सोडला. रिंगणातल्या खांबाच्या शेंड्याला बांधलेली घोड्याची शेपटी तुटून खाली पडली.

मग जो गजर उठला, तो मी जन्मात विसरणार नाही. टोळीप्रमुख एकेक करून पुढे आले आणि त्यांनी राजासमोर धनुष्यं जमिनीवर ठेवली. शेवटी मान खाली घालून कासागही आला. राजाने त्याचं धनुष्य उचलून त्याच्याच हातात परत दिलं.

"तुला काय हवं, बाई?" राजाने सगळ्यांसमोर आत्याला विचारलं. "सोनं? कळप?"

"दर वसंतात ह्या दिवशी तू पडलेल्या वीरांची नावं घेतोस ना, त्यांत माझ्या माणसाचं घे."

शत्रूचं नाव त्या दिवशी आजवर कुणी घेतलं नव्हतं. राजाने घोडीच्या दुधाचा पेला मागवला, जमिनीवर धार धरली आणि मोठ्याने म्हणाला, "आस्पान! माझ्याशी लढला आणि मागे हटला नाही."

"आस्पान!" सगळ्या टोळ्या एका आवाजात म्हणाल्या.

आत्या गाडीवर ताठ उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. मग तिने आतेबहिणीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "ऐकलंस? तुझ्या बापाचं नाव आहे ते."