शुभेच्छुकांच्या रांगेत प्रकाशशंकू

सगळ्यात आधी ताईचं नाव घ्यायचं होतं. तिनंच नको म्हटलं. “माझं नाव या गल्लीत एकदा लागलंय, तेवढं पुरे,” म्हणाली. तर नाव न घेता सांगते. आमच्या दुकानामागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहणारी, भौतिकशास्त्रात संशोधन करणारी ताई नसती, तर मी आज लालबागमध्ये नसते. गडचिरोलीकडच्या आमच्या गावी परत गेले असते आणि एव्हाना माझ्या लग्नाची पत्रिका दुसऱ्याच कुणीतरी डिझाइन केली असती.

माझी शाळा नववीत सुटली. इथे चिंचपोकळीला आत्याकडे राहते आणि लालबागच्या एका बॅनरच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस, श्रद्धांजली, दहावीचे गुणवंत, सगळं करते. बाबांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच: “काम सुटलं तं गाडीत बस अन् वापस ये.” त्यामुळे मालक नुसते खाकरले तरी मला वाटतं, गेलं काम.

मालक मालवणी, मनानं चांगले, पण डिझाइनच्या बाबतीत त्यांचा देवावरही विश्वास नाही. दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नमुन्यावर आडवा, फिकट, दुकानाचा नंबर छापायचा. का, तर समोरचा दुकानवाला चोर आहे. समोरचाही आमच्याबद्दल तेच सांगतो. दोघंही खरं बोलतात.

अशा दुकानात ताई पेन्सिलीनं काढलेला एक कागद घेऊन आली. दोन शंकू, टोकाला टोक लावलेले, एक वर उघडलेला, एक खाली. “हे नीट काढून देशील? मी काढलं की ते खचल्यासारखं दिसतं.”

ताईचं काम म्हणजे कागद आणि डोकं. यंत्र नाही, दुर्बीण नाही. विश्वाबद्दल विचार करायचा पगार मिळतो. तिनं मला समजावलं, की आपण मधल्या टोकावर आहोत असं धर. आत्ता दिवा लावला तर त्याचा उजेड पुढं जिथवर पोचेल तो वरचा शंकू, आणि आजवर जिथून आपल्यापर्यंत काही पोचू शकलं असेल तो खालचा. याला प्रकाशशंकू म्हणतात. मला ते पटलं. गावाकडची बातमीसुद्धा मला तशीच पोचते, उशिरा आणि एका ठरावीक वाटेनं.

परदेशातल्या संशोधकांची रेघांची जाळी आणि रंग ताईनं दिले होते, त्यावर मी काढून दिलं. वर सवयीनं दुकानाचा नंबर टाकला. ताई म्हणाली, “हा काढ गं. हे चित्र आम्ही सगळ्यांसाठी ठेवणार आहोत.”

“सगळ्यांसाठी म्हणजे?”

“जगातल्या संशोधकांनी मिळून एक वेबसाइट केलीय. प्रत्येकानं आपल्या आकृत्या तिथं ठेवायच्या. कुणीही घ्यावी, बदलावी, पुस्तकात छापावी. विचारायचंसुद्धा नाही.”

मी दरवाज्याकडे बघितलं. मालक चहाला गेले होते, ते बरंच झालं. “आणि समोरच्यानं घेतली तर?”

“घेऊ दे की. अट एवढीच, की ज्यानं ज्यानं काढली त्यांची नावं द्यायची आणि आपण काय बदललं ते लिहायचं.”

“नाही लिहिलं तर?”

“तर मी त्याला फार सभ्य ईमेल लिहीन.”

ही धमकी आमच्या गल्लीत चालणार नाही, असं मला वाटलं. पण अट मात्र मी मनात घट्ट धरून ठेवली. मला अटी मोडायची भीती वाटते.

मग गणपती जवळ आले. आमच्या गल्लीच्या मंडळाची त्या वर्षीची सजावट होती विश्वदर्शन. अध्यक्ष बॅनर सांगायला आले, तेव्हा माझ्या स्क्रीनवर ताईच्या त्या वेबसाइटवरचा प्रकाशशंकू उघडा होता.

“हा डमरू एक नंबर आहे. हाच टाक,” अध्यक्ष म्हणाले.

“दादा, तो डमरू नाहीये. तो...”

“मला डमरू शिकवते? शंकराच्या मुलाचा उत्सव आहे. टाक तू बिनधास्त.”

ताई बंगळुरूला परिषदेला गेली होती, फोन लागेना. मग मीच त्या पानावरच्या अटी मोबाइलवर मराठी करून वाचल्या. नावं तीन निघाली. मूळ रेघांची जाळी जर्मनीतल्या एका दाढीवाल्या प्राध्यापकांची, रंगसंगती चिलीच्या एका बाईंची आणि त्यावरून शंकू केला ताईनं. माझ्या नावाला मी काढून देतानाच हात जोडले होते, नको म्हणून. नववी सुटलेलीचं नाव जगात कशाला?

आता प्रश्न असा, की बॅनरवर नावं देतात कुठे? आमच्या धंद्यात नावांची जागा एकच, खालची शुभेच्छुकांची रांग. आणि तिथं नुसतं नाव कुणी टाकत नाही, फोटो लागतो. फोटो त्या पानावर होतेच. चेहरे कापून घेतले आणि दुकानात हात जोडलेली धडं तयार असतात ती लावली. चेहऱ्याचा आकार पदावरून ठरतो, हा दुसरा नियम. मूळ काम ज्याचं, तो सगळ्यात वरचा. म्हणून जर्मन प्राध्यापक सगळ्यात मोठे, मग चिलीच्या बाई, मग ताई, मग अध्यक्ष. कोपऱ्यात बारीक अक्षरात: “मूळ आकृतीत केलेले बदल: रंग भगवा केला, झेंडूचे तोरण जोडले.”

मालक गडबडीत होते. त्यांनी फक्त नंबर दिसतो का ते बघितलं.

बॅनर नाक्यावर चढला आणि तासाभरात अध्यक्ष दुकानात. मालकांनी मला समोर उभं केलं.

“माका सांग गो, ह्यो दाढीवालो कोण?”

“जर्मनीचे आहेत. त्यांची जाळी...”

“जर्मनीतला माणूस आमच्या मंडळाला शुभेच्छा का देतोय?” अध्यक्ष म्हणाले. “आणि माझ्यापेक्षा मोठा? मघापासून पोरं विचारतायत, दादा, नवीन अध्यक्ष कधी निवडले?”

“उद्यापासून येव नको,” मालक म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर नागपूरची गाडी उभी राहिली, तिला आमच्या गावचा फाटासुद्धा जोडलेला दिसला. मी पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

तेवढ्यात ताई आली. नाक्यावर टॅक्सीतून उतरताना तिनं स्वतःला जरीच्या साडीत, हात जोडून गणेशभक्तांचं स्वागत करताना बघितलं होतं. हसून हसून तिचे डोळे ओले झाले होते आणि बॅग अजून हातातच होती.

“हिनं अट पाळलीय, काका,” ती मालकांना म्हणाली. “जरा जास्तच पाळलीय.”

“ते ठीक आहे मॅडम,” अध्यक्ष म्हणाले, “पण डमरूसाठी तीन पाहुणे?”

“तो डमरू नाही.”

“बघा, ही पण तेच म्हणत होती.”

“पण शंकराला चालेल,” ताई म्हणाली आणि तिनं मोबाइल पुढं केला. बॅनरचा फोटो तिनं नाक्यावरूनच जर्मनीला पाठवला होता, उत्तरही आलं होतं. “प्राध्यापक विचारतायत, हे त्यांच्या दारावर लावलं तर चालेल का. आणि खाली पांढऱ्या शर्टातले रुबाबदार गृहस्थ कोण.”

अध्यक्षांनी मोबाइल हातात घेतला. इंग्रजी येत नसलं तरी बराच वेळ वाचला. “रुबाबदार असंच लिहिलंय?”

“अर्थ तोच होतो.” मग ती मालकांकडे वळली. “तोरणवाली आकृतीही त्यांना वेबसाइटवर हवीय, चेहरे काढून. पण बदल करणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. म्हणजे हिचं.”

“आणि दुकानाचा?” मालकांनी विचारलं.

“दुकानाचंही देऊ की. ती दुकानात असली तर.”

मालक खाकरले. या वेळी मला ते खाकरणं निराळं वाटलं. “बाटली काढ ती पिशवीतून,” ते म्हणाले. “आणि अध्यक्षांचो चेहरो मोठो कर आधी.”

तो मी एवढा मोठा केला, की ताईला रांगेत जागाच उरली नाही. तिची हरकत नव्हती. भगवा प्रकाशशंकू आता वेबसाइटवर आहे, खाली त्या तिघांनंतर माझं नाव, मग दुकानाचं. परदेशातल्या एका वर्गात तो शिकवायला वापरला, असं ताईनं सांगितलं. तोरणाचा अर्थ विद्यार्थ्यांनी विचारला तेव्हा सरांनी काय उत्तर दिलं, ते मात्र कळलं नाही. बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, “म्हणजे काम सुटलं नाही ना?” नाही सुटलं, म्हटलं.

ताईचे उपकार फेडायचे राहिलेत. सध्या तिच्या डोक्यात काहीतरी आहे. रोज काढते, रोज खोडते. म्हणते, “हे कागदावर मावत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाच अजून नीट दिसत नाही.” ज्या दिवशी तिला दिसेल, त्या दिवशी ती आकृती मी काढून देणार आहे, शंभरदा बदलायला लावली तरी, तिला हवी तशी होईपर्यंत.